मोडीतली सनद

एकोणीसशे सत्तरच्या आसपास, माझी वकिली नवी असताना, शाहूवाडीकडचा एक शेतकरी आला. शेजाऱ्याने त्याच्या भाताकडे येणारं ओढ्याचं पाणी अडवलं होतं. संस्थानकाळातली सनद पुढे ठेवून तो म्हणाला, "पाण्याचा हक्क हितं लिवलाय. वाचून बगा की, साहेब."

सनद मोडीत होती आणि मला मोडी येत नव्हती. पण ते कबूल कसं करायचं? दोन मिनिटं कागदावर नजर फिरवून मी गंभीरपणे मान हलवली आणि तो फायलीत ठेवला.

कोर्टात मी थेट मॅग्ना कार्टापासून सुरुवात केली. इंग्रज न्यायमूर्तींचे निवाडे घडाघडा म्हटले. न्यायाधीश म्हणाले, "ठीक. पण या ओढ्याबद्दल कागद काय आहे?" सनद काढली असती तर वाचावी लागली असती. मी आणखी एक इंग्रज न्यायमूर्ती काढला.

दावा फेटाळला गेला. बाहेर अशील म्हणाला, "पाणी गेलं, पर इंग्रजी लई झ्याक बोललासा!" मी चक्क खूश झालो.

अपिलाची मुदत संपल्यावर सनद एका जाणकाराकडून वाचून घेतली. हक्क वरून दुसऱ्या ओळीतच लिहिलेला होता. त्या शेतकऱ्याला मी ते कधीच कळवलं नाही.