एक्केचाळीस कोरडे नळ

आमच्या संस्थेचं नाव पाटीवर मावत नाही. गोदावरी खोरे स्वतंत्र धोरण अभ्यास केंद्र. नांदेडात बियाणांच्या दुकानावर आमच्या अडीच खोल्या आहेत. त्यातली अर्धी पत्र्याची, तिथं बसून मी अहवालांचं मराठी माणसांना कळेल असं करतो. संस्थेचं काम एवढंच, की योजना कागदावर काय म्हणते आणि दारात काय पोचतं ते जाऊन बघायचं आणि छापायचं. आम्ही सरकारचे नाही, पक्षाचे नाही, कंपनीचेही नाही. गावात असं सांगितलं की लोक मान डोलावतात आणि विचारतात, बरं, पण कुणाचे?

याला खणखणीत उत्तर आमच्या उमाबाईंकडे आहे. "कुणाचेच न्हाई. म्हणून तर एवढं चालत यावं लागतंय," असं सांगून त्या सरळ घरात शिरतात.

उमाबाई मुदखेडच्या. पन्नाशी उलटलेली, नववी शिकलेल्या, आणि जीभ अशी की समोरच्याने दोन पावलं मागंच उभं राहावं. सहा वर्षांपूर्वी आमचे दोन पदवीधर त्यांच्या दारात प्रश्नावली घेऊन गेले आणि घरात रोज पाणी किती लागतं, हे त्यांच्या मालकांना विचारू लागले. उमाबाई आतून आल्या आणि म्हणाल्या, की या माणसाने जन्मात घागर उचलली नाही, त्याला काय विचारता? पुढं अर्धा तास त्या दोघांची खरडपट्टी चालली. ती ऐकून आमच्या प्रमुख शिल्पा मॅडमनी पुढच्याच आठवड्यात त्यांना कामावर घेतलं. मॅडम दिल्लीहून मोठी पदवी घेऊन आलेल्या आहेत. पण प्रश्न कसा विचारायचा, हे मी उमाबाईंकडून शिकले, असं त्या पाहुण्यांसमोरही सांगतात.

गेल्या वर्षी घरोघरच्या नळांची पाहणी निघाली. यादीत कंधार तालुक्यातलं उमाबाईंचं माहेरही होतं. गावाचं नाव अहवालात आहे, इथं नको. तिथला सरपंच व्यंकट म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. मॅडम म्हणाल्या, तिथं दुसरं कुणी जाईल. उमाबाईंना ते पटलं नाही. दुसरं कुणी गेलं तर बायका सरपंचाच्या भिडेनं पाणी येतं म्हणून सांगतील. मला विचारावंच लागणार नाही, मी बघीन, असं त्यांचं म्हणणं.

आणि त्यांनी बघितलं. दिवाळीत नळ बसले तेव्हा व्यंकटने मोठ्या हौसेनं घरोघरी नळाची पूजा करवली होती. हळदीकुंकू, नारळ, सगळं साग्रसंगीत. आता फेब्रुवारी उजाडला होता. ज्या नळाला पाणी येतं त्याचं कुंकू आठवड्यात धुऊन जातं. उमाबाई दारोदार फिरल्या आणि वरच्या आळीत बहुतेक नळांवर कुंकू कालच लावल्यासारखं ताजं होतं. अशा एक्केचाळीस घरांत त्यांनी तोटी फिरवून खात्री केली. कागदावर मात्र गाव शंभर टक्के नळाचं. आमच्या एकाही पदवीधराला हे कुंकू दिसलं नसतं. मला तर नक्कीच नाही.

अहवाल माझ्याकडे आला तेव्हा उमाबाई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. डबा उघडायच्या आणि तसाच बंद करायच्या. मी मोठा शहाणा, म्हणालो, गावाचं नाव गाळू का? त्या माझ्यावर उखडल्याच. बाकीच्या गावांची नावं काय गाळली का, म्हणाल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "लिहा सर. पर आई-बाप गेले, माझं माहेर म्हणजे तेवढा एक भाऊच हाय." मी नाव लिहिलं आणि त्या दिवशी मला स्वतःच्या नोकरीचा मनापासून राग आला.

अहवाल छापला, वर्तमानपत्रांत आला. उमाबाईंना व्यंकटचा फोन रोज सकाळी यायचा, तो बंद झाला. उमाबाईंनी केला तरी तो उचलेना. असे बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी दुपारी जिन्यात जड पावलं वाजली आणि धोतर-टोपीतला आडदांड माणूस आमचा अहवाल काखेत धरून आत आला. उमाबाई उठून उभ्या राहिल्या. मी मनातल्या मनात भांडणाची तयारी केली, हातात जाडसा अहवालही घेतला.

व्यंकट बसला, पाणी प्याला आणि मॅडमना म्हणाला, की तुमचा आकडा चुकलाय. आपण तुम्हाला खोटं पाडायला घरोघर फिरलो, बारा दिवस त्यातच गेले. आता हाच कागद घेऊन पाणी मागायला तालुक्याला जायचंय, तर आकडा बरोबर पाहिजे.

"एक्केचाळीस न्हाई, बेचाळीस," तो म्हणाला. "माझ्या घरचा नळ आक्कानं बघितलाच न्हाई."

उमाबाईंचा चेहरा उतरला. माहेरी जेवल्या होत्या, भावजयीशी बोलल्या होत्या, पण वही पिशवीतून काढली नव्हती. भावाच्या घरात वही कशी काढायची? व्यंकटच्या घरी बोअर, त्यामुळे नळाला कुणी हातही लावलेला नव्हता. त्याने परवा पहिल्यांदा तोटी फिरवली तर नुसतं फुस्स झालं. तो हे सांगताना स्वतःच हसत सुटला आणि त्याच्यामागं आम्ही सगळे.

मॅडमनी संस्थेचा नियम सांगितला. चूक निघाली की दुरुस्ती छापायची, आणि चूक कुणी दाखवली तेही छापायचं. पण त्यांनी काळजीनं विचारलं, सरपंचाच्याच घरचा नळ कोरडा, हे नावानिशी चालेल का?

"नाव घालाच," व्यंकट म्हणाला. "गावात लोक बोलायलेत, उमानं भावाचं घर सांभाळलं. माझ्या आक्कानं कुणाचं सांभाळलं, हे मी ऐकून घेणार न्हाई."

उमाबाईंनी पदरानं डोळे पुसले. मग पिशवीतून वही काढली आणि भावाला म्हणाल्या, नाव पूर्ण सांग, घरात माणसं किती?