माझ्या फोनवरून गेलेली राधीची नोंद

सुरुवातीलाच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. गावात कुणाच्या अंगात आलं की मी आधी रक्त तपासायला पाठवायचे. चौदा वर्षं अंगणवाडी सेविका आहे, भूत-बित कधी आडवं आलं नाही... ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

आमचं गाव अंकुशनगरपासून चार किलोमीटरवर. ऊसतोड सुरू झाली की गावाबाहेरच्या माळावर टोळ्यांच्या कोप्या उभ्या राहतात. त्या पाचटाच्या झोपड्यांतली पोरंही माझ्याकडेच. दर महिन्याला वजन घ्यायचं, आधी रजिस्टरात लिहायचं, मग फोनमधल्या ॲपवर चढवायचं. मूल लाल रंगात दिसलं, तरच दवाखान्याची गाडी येते.

आणि इथंच माझं डोकं फिरतं. फोन माझा स्वतःचा. तीन वर्षांत स्क्रीनवर ओरखडा नाही, बॅटरी दिवसभर पुरते. पण कंपनीनं दोन वर्षांतच अपडेट देणं बंद केलं, आणि गेल्या हिवाळ्यात ॲपनं सांगून टाकलं - या फोनवर चालणार नाही. अंबडचा दुकानदार म्हणाला, "ताई, फोन बिलकुल ठणठणीत हाये. कंपनीनंच सोडून देलं त्याला. नवा घ्या." चांगला चालता-बोलता फोन, आणि म्हणे सोडून दिला! संतापून मी ते ॲपच काढून टाकलं. शेजारच्या गावच्या सेविकेकडे, सुनीताकडे, आठवड्यातून एकदा जाऊन तिच्या फोनवरून नोंदी करायला लागले.

डिसेंबरातला मंगळवार. सखूच्या कोपीत तिच्या राधीचं वजन घ्यायला गेले. राधी दीड वर्षाची. काट्याच्या झोळीत ठेवली तरी रडली नाही. कपडे काढून वजन करायचं असतं, हे मी दुसऱ्यांना शिकवते. पण वारं झोंबत होतं, आणि सखू म्हणाली, "ताई, राहू द्या ना स्वेटर. रातभर खोकून राह्यली पोरगी."

राहू दिले. एकावर एक दोन स्वेटर, वर कानटोपी. काट्यावर सात किलो तीनशे आलं. म्हणजे पिवळा रंग. मनात खुटखुटलं, तरी रजिस्टरात तेच लिहिलं. सुनीता जांब समर्थला दर्शनाला गेली होती, गुरुवारी येणार होती. म्हटलं, गुरुवारी चढवू.

बुधवारी सकाळी अकराला मी खिचडी वाढत होते. समोर मदतनीस आणि बावीस पोरं. सुपरवायझर मॅडमचा फोन आला.

"राधीची एंट्री आलीये. सहा किलो नऊशे, लाल. गाडी निघालीये, तुम्ही कोपीवर पोचा."

"मॅडम, मी एंट्री केलीच न्हाई. माझ्या फोनात ॲपच न्हाई."

"तुमच्याच फोनवरून आलीये, फोटोसकट. जल्दी जा."

धावतच गेले. सखू पोरीला गुंडाळून दारात बसली होती. मला बघून म्हणाली, "आता कामून आल्या ताई? घडीभरापूर्वी तर येऊन गेल्त्या. स्वेटर काढाय लावले, वजन केलं, फोटू काढला. मंग म्हनल्या, आज उसात जाऊ नको, गाडी येईल."

तेवढ्यात गाडी आली.

दवाखान्यात पुन्हा वजन झालं. सहा किलो नऊशे. न्यूमोनिया होता. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस काढला असता तर हाती काही लागलं नसतं. पंधरा दिवसांनी राधी आईच्या कडेवर बसून परत आली.

तो फोटो मॅडमनी मला नंतर दाखवला. झोळीत उघडी राधी, आणि झोळी धरलेला हात - माझ्याच हिरव्या बांगड्यांचा. त्या वेळी माझे दोन्ही हात खिचडीच्या पातेल्यात होते हो... मला भीतीपेक्षा लाजच जास्त वाटली. जी कोण गेली, तिनं स्वेटर काढले. मी काढले नव्हते.

पुढं नोटीस आली - ॲप चालत नसलेल्या फोनवरून नोंद कशी केली, याचा लेखी खुलासा द्या. मी घडलं ते सगळं लिहिलं. उत्तर आलं, "खुलासा समाधानकारक नाही." मलाही तो समाधानकारक वाटत नाही, पण माझ्याकडे दुसरा नाही.

शेवटी नवा फोन घ्यावाच लागला. दुकानदाराला आधी विचारलं, याला अपडेट किती वर्षं? म्हणाला, "दोन वर्षं धरून चाला."

पोर सहा वर्षांचं होईपर्यंत माझ्या रजिस्टरात असतं. दोन वर्षांनी हाही फोन असाच सोडून दिलेला असेल, आणि कुठल्यातरी कोपीत एखादं पोर झोळीत ठेवल्यावर रडणार नाही. तेव्हा ती पुन्हा येईल का, हे मी कुणाला विचारू?