न पाहता केलेली सही

फोन रफिकच्याच नंबरवरून आला होता, म्हणून मी नेहमीसारखं "बोल रे" म्हणालो. पलीकडं त्याची बायको, शबानावहिनी होत्या. "भाऊ, तुमी या," एवढंच त्या बोलल्या. मी लगेच लोणीहून जुन्नरला निघालो आणि रस्त्यात आलेल्या फोनांवरून बाकीचं कळत गेलं... बेल्ह्याजवळ एका घराच्या पायाची पाहणी करून रफिक खड्ड्यातून वर आला, छातीला हात लावून विटांच्या ढिगावर बसला आणि बसल्या जागीच गेला. दफनाच्या वेळी सगळ्यांबरोबर मीही तीन मुठी माती दिली. तेव्हा मला रडूही आलं नाही. वीस वर्षं एक गोष्ट याच्यापाशी बोलायची राहिली होती आणि आता ती कायमची राहिली, एवढंच डोक्यात घुमत होतं. आज दोन महिने होत आले, अजून तेच घुमतंय.

रफिक गवंड्यांच्या घरातला. वडील, चुलते, सगळ्यांचे हात चुन्या-सिमेंटनं उललेले. डिप्लोमाला आम्ही एका बाकावर बसायचो. पुढं तो डिग्रीला गेला, मी ठेकेदारीत पडलो. आमच्या भागात पूर्वी घर बांधायला इंजिनिअर लागत नसे; गवंडी दोरी लावायचा आणि काम सुरू व्हायचं. मग नकाशा मंजूर करायला नोंदणी असलेल्या अभियंत्याची सही लागू लागली. लोकांना ती सही म्हणजे फॉर्मवरचा आणखी एक शिक्का वाटायची, आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं. रफिकला नोंदणीचा कागद मिळाला त्या दिवशी मी त्याच्या घरी होतो. त्याच्या वडिलांना वाचता येत नव्हतं. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "याच्यात काय लिवलंय?" रफिक हसून म्हणाला, "घर पडलं तर कुणाला विचारायचं, त्याचं नाव लिवलंय." म्हातारा हसला नाही. "मग जपून ऱ्हा," म्हणाला.

त्यानंतर चार-पाच वर्षांनी मी निरगुडसरच्या बाजूला एक दुमजली घर बांधत होतो. नकाशावर आणि देखरेखीच्या हमीवर सही रफिकची होती. वरच्या मजल्याला पुढं काढलेली गॅलरी होती. अशा गॅलरीला खालून खांब नसतो. तिचा सगळा भार वरच्या अंगाला बांधलेल्या सळया धरून ठेवतात. म्हणून काँक्रीट ओतण्याआधी अभियंत्यानं सळया स्वतः पाहून तसा दाखला द्यायचा असतो. माझा मिक्सर आला होता, माणसं दुसऱ्या दिवशी दुसरीकडं जाणार होती, आणि रफिक मंचरला मेव्हणीच्या लग्नात होता. मी दाखल्याचा कागद घेऊन थेट मांडवात गेलो. "दुपारनंतर येतो ना बघायला," तो म्हणाला. मी म्हणालो, "मी बघितलंय सगळं. तुझा माझ्यावर भरवसा नाय का?" त्यानं माझ्याकडं पाहिलं, हात पुसले आणि मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून सही केली. मी बघितलं नव्हतं. मजुरांच्या पायांखाली त्या सळया दबून तळाला गेल्या होत्या. तीन आठवड्यांनी टेकू काढले आणि गॅलरी खाली आली. खाली सेंट्रिंगवाला बबन होता. तो वाचला, पण त्याचा उजवा पाय गुडघ्यापासून काढावा लागला.

चौकशी लागली. सही आपली नव्हेच म्हणून सांग, असं रफिकला सांगणारे भेटले. तू गेलास तेव्हा सळया नीट होत्या, नंतर दबल्या असं म्हण, असंही सांगणारे भेटले. सुनावणीच्या दिवशी मी कचेरीच्या बाहेर बाकावर बसून होतो. दार उघडंच होतं. साहेबांनी विचारलं, "तुम्ही प्रत्यक्ष पाहणी केली होती का?" तो म्हणाला, "नाही. न पाहता सही केली." "ठेकेदारानं पाहिलंय म्हणून सांगितलं होतं का?"  मी बाकाची कड घट्ट धरली. "ठेकेदाराची नोंदणी नव्हती, साहेब. माझी होती," तो म्हणाला. मी उठून चार पावलं आत गेलो असतो तर... पण मी उठलो नाही. मला ताकीद मिळाली. त्याची नोंदणी तीन वर्षांसाठी स्थगित झाली.

त्या तीन वर्षांत तो दुसऱ्यांच्या कामांवर सुपरवायझर म्हणून राबला. ज्यांचे नकाशे त्यानं काढून द्यावेत अशी माणसं त्याला वाळू चाळून घ्यायला सांगायची. वहिनींनी शिलाई मशीन घेतलं. त्या माझ्यादेखत त्याला बोलायच्या, "डोळं असून बघितलं नाय तुमी. एका माणसाचा पाय गेला." तो मान खाली घालून ऐकून घ्यायचा. त्यानं त्यांना एवढंच सांगितलं होतं, 'चूक माझी झाली.' मी समोर बसून चहा प्यायचो. दर महिन्याला तो बबनकडं जाऊन यायचा; मला कधी चल म्हणाला नाही.

मुदत संपल्यावर त्यानं पुन्हा अर्ज केला. पूर्वी काही कारवाई झाली आहे का, या रकान्यात त्यानं 'होय' लिहिलं आणि कुणी मागितली नसताना स्थगितीच्या आदेशाची प्रत जोडली. नोंदणी परत मिळाली त्या आठवड्यात तो लोणीला माझ्या घरी आला, तो माझ्यासाठी फॉर्म घेऊनच. "डिप्लोमा हाय, अनुभव हाय. सुपरवायझरची तरी नोंदणी कर. उद्या कुणाला सही मागायची पाळी नको." माझ्या अनुभवाचा दाखला एखाद्या नोंदणीकृत अभियंत्यानंच द्यायला हवा होता. तो दोन दिवस माझ्या कामांवर हिंडला, प्रत्येक खड्ड्यात उतरला, टेप लावून मोजलं, आणि मगच सही केली. पेनाचं टोपण लावत म्हणाला, "ही बघून केली." त्या प्रकरणावर तो माझ्याशी आयुष्यात एवढंच बोलला. त्यात टोमणा नव्हता, हेच मला जास्त लागलं.

तो जायच्या आधी पंधरा दिवस आम्ही बेल्ह्याच्या बाजारात भेटलो होतो. टेम्पोतून बैल उतरवत होते, गलका होता. मी म्हणालो, "रफिक, त्या गॅलरीचं एकदा बोलायचं होतं." तो म्हणाला, "बबनच्या पोरीचं लगीन ठरलंय. दोघं जाऊ." मीही पुढं रेटलं नाही. लग्नात बोलू म्हटलं...

चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर मी वहिनींकडं गेलो आणि सगळं सांगितलं. मांडवातलं, 'मी बघितलंय' म्हणालो ते, बाहेरच्या बाकावर बसून राहिलो ते. त्या शिवत होत्या. मशीन थांबलं.  मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "वीस वर्सं मी त्यांना बोल लावला, भाऊ. जायच्या आदल्या दिवशीबी लावला. आता मी कुणाची माफी मागू?"   मग त्यांनीच विचारलं, "तुमी पेपरात लिवता ना कवा कवा? मग लिवा. चार लोकांनी वाचलं पायजे."

त्यांनी रफिकची कामाची खोली उघडून दिली. टेबलावर बेल्ह्याच्या त्या घराचा नकाशा अजून पसरलेला आहे, कोपऱ्यांवर वजनाला सळईचे चार तुकडे. चपलांना माती लागलेली असायची म्हणून त्याला खोलीत गालिचा चालत नसे. टेबलाखालची फरशी त्याच्या चपलांच्या खड्या-मातीनं घासून खरखरीत झालीये. तिथंच बसून मी हे लिहिलं आणि वहिनींना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग कागद पुढ्यात ओढून एका वाक्यावर बोट ठेवलं. मी लिहिलं होतं, 'आम्ही बघितलं नव्हतं.' वहिनी म्हणाल्या, "आमी न्हाई भाऊ. मी."

मी शब्द बदलला. त्याच्याच पेनानं.