रंगूबाईच्या हाताला येणाऱ्या मुंग्या

रेश्मा वडूजची. बाप मेंढरामागं फिरला, लेक आयटीआय करून वायरमन झाली. पाटणजवळच्या रिसॉर्टच्या पोहण्याच्या तलावाची विजेची जोडणी दोन वर्षांपूर्वी तिनंच करून दिली होती. शिडी, कठडा, पंप, दिवे आणि पाणीसुद्धा एकाच तांब्याच्या तारेनं बांधायचं, म्हणजे कुठंही हात लावला तरी करंट अंगातून जात नाही. पुढं काही बदलायचं झालं तरी क्लोरीनच्या पाण्यात टिकणारं चांगलं स्टील आणि कांस्याचे क्लॅम्प घ्या, असं तिनं मालक धैर्यशीलला लिहून दिलं होतं.

गेल्या आठवड्यात ती नुसता दिवा बदलायला गेली. तलाव झाडणारी रंगूबाई शिडीला हात न लावता काठीनं कचरा ओढत होती.

"असं का वं मावशी?"

"हाताला मुंग्या येत्यात. मालक म्हणत्यात, वय झालं."

रेश्मानं मीटर लावला. पाणी आणि शिडी यांच्यात अकरा व्होल्ट. तिनं जोड उघडला. कांस्याच्या जागी जस्त चढवलेला लोखंडी क्लॅम्प, तोही पांढरी पूड होऊन गळालेला. तार लोंबकळत होती आणि पंपातून करंट गळत होता. आपण गेल्यावर धैर्यशीलनं दुरुस्तीत स्वस्तातला माल बसवला, हे कळताच तिची कानशिलं तापली.

तिनं त्याला बोलावून जोड दाखवला. अर्थिंग केलंय की, असं तो म्हणाला. रविवारी शाळेची सहल यायची आहे, त्यानंतर बघू.

रेश्मानं मेन स्विच पाडला, पेटीला आपलं कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोवली.

"आवं दादा, अर्थिंग येगळं, हे येगळं. अर्थिंग करंट जमिनीत सोडतं, ही तार पाणी नि शिडी एकत्र बांधती. पोरं पाण्यात असताना धरतील ती शिडी. म्हातारीला खोटं पाडलंत, पोरांस्नी काय सांगणार?"

या खोऱ्यात तुला पुन्हा काम मिळणार नाही, असं त्यानं बजावलं. ती पेटीसमोर खुर्ची टाकून बसली. सहलीच्या मास्तरांना तिनंच फोन लावला आणि सहल पुढं ढकलली. मग मात्र धैर्यशीलनं कऱ्हाडहून सामान मागवलं. नवा पंप, नवी तार, पाणी तारेला जोडायला आत बुडवायचा स्टीलचा तुकडा, कांस्याचे क्लॅम्प. दोन दिवस ती राबली. मेन स्विच चढवून पाहिलं, मीटर शून्यावर आला.

"आता पयला हात तुमी घाला," ती धैर्यशीलला म्हणाली. त्यानं पाण्यात पाय सोडून शिडी धरली, कुणाकडं न बघता.

रंगूबाईची माफी त्यानं मागितली नाही. घरी परतताना उंब्रज आलं तरी रेश्माचा राग उतरला नव्हता.