यांना विचारून सांगते

सकाळी फोनवर पुतणीचं नाव पाहिलं आणि वाटलं, दादाचं काहीतरी झालं. माझ्या थोरल्या भावाला पक्षाघात होऊन बराच काळ लोटला होता. मनाची तयारी आम्ही सगळ्यांनी त्याच्यासाठीच करून ठेवली होती. मुग्धा म्हणाली, "काका, आई गेली." मी वेड्यासारखं विचारलं, "आई? की बाबा?" पलीकडून फक्त रडणं ऐकू आलं. चहा गाळता गाळता वहिनी ओट्यापाशी कोसळल्या होत्या...

वहिनी निफाडकडच्या, द्राक्षबागेत वाढलेल्या. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. दादा सातपूरला एका कारखान्यात मेंटेनन्सला होता. घरातल्या मिक्सरपासून गाडीपर्यंत सगळं तोच उघडायचा आणि वहिनी शेजारी उभ्या राहून गप्पा मारायच्या. पक्षाघाताने त्याची उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. समजायचं सगळं, पण तोंडातून 'हां' एवढंच यायचं. भेटायला येणारे त्याच्यासमोर बसून वहिनींना विचारायचे, "आता कसे आहेत?" वहिनी त्याच्याकडे वळून म्हणायच्या, "अहो, विचारताहेत, कसे आहात?" पाहुणा ओशाळायचा.

त्याला व्यायामासाठी नाशिक रोडला न्यायचं म्हणून पन्नाशी उलटल्यावर त्या गाडी शिकल्या. गाडी मुग्धा शाळेत होती तेव्हाची, पेट्रोलवरची. मागच्या वर्षी ती सिग्नलला थरथरायला आणि चढावर धक्के द्यायला लागली. एकदा तर नाशिकच्याच द्वारका चौकात बंदच पडली. मागे हॉर्नचा गोंगाट. वहिनी खाली उतरून टेम्पोवाल्याला म्हणाल्या, "हॉर्नने सुरू होत असेल तर आणखी वाजवा, भाऊ!" शेवटी त्यानेच धक्का मारला. एका गॅरेजवाल्याने प्लग बदलले, फरक पडला नाही. दुसरा म्हणाला, इंजिन उतरवावं लागेल. मी म्हटलं, "वहिनी, विकून टाका आता." त्या म्हणाल्या, "यांना विचारून सांगते."

रविवारी मला बोलावणं आलं. दादाला गाडीत पुढे बसवलेलं, बॉनेट उघडं. "भाऊजी, तुम्ही स्टेअरिंगवर बसा. मी सांगेन तेव्हा चालू, सांगेन तेव्हा बंद." गाडी बंद असताना त्या एका प्लगची वायर काढायच्या, मग मी इंजिन चालू करायचो. चांगल्या सिलिंडरची वायर काढली की आवाज आणखी बिघडतो. जो मुळातच चालत नाही, त्याची काढली तर काहीच बदलत नाही. हे त्यांनी दादाजवळ उभं राहून कधीतरी पाहिलेलं. ऐकायचं काम दादाचं, आवाज आणखी बिघडला की हात वर करायचा. पहिल्या वायरीला त्याने डावा हात वर केला, दुसरीलाही. तिसरीला... हात मांडीवरच राहिला. "नक्की ना हो?" वहिनींनी खिडकीतून विचारलं. "हां." मग दोन बोटं एकमेकांच्या जागी नेऊन त्याने तिथला प्लग शेजारच्या प्लगशी बदलायला लावला. तरी दोष तिथेच राहिला. म्हणजे प्लग ठीक होता. दादाने वायरीकडे बोट केलं. वहिनींनी ती वाकवून पाहिली, तर रबराला बारीक चीर. मी जाऊन नवी वायर आणली. ती चढवल्यावर इंजिन एकदम शांत चालू लागलं. पाहतो तर दादा रडत होता. पदराला हात पुसत वहिनी म्हणाल्या, "तुम्हीच शोधलंत हो! इंजिन उतरवणाऱ्याला सांगून येते." आणि खरंच गेल्या.

तेरावं झाल्यावर बैठकीत चर्चा सुरू झाली, दादाचं पुढे काय? मुग्धा त्याला पुण्याला न्यायचं म्हणत होती, कुणी वृद्धाश्रम सुचवत होतं. दादा खुर्चीत बसून एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. मी स्टूल ओढून त्याच्यासमोर बसलो. "दादा, मुग्धाकडे जायचंय?" त्याने नकारार्थी मान हलवली. "माझ्याकडे येतोस?" पुन्हा नाही. "इथेच राहायचंय?"

"हां."

मुग्धा रडली, चिडली, मग त्याच्या पायाशी येऊन बसली. आता दिवसरात्र सोबतीला माणूस ठेवलाय, व्यायामाला मी नेतो. डबा शेजारच्या ताई देतात. संध्याकाळी रिकामा डबा न्यायला आल्या की त्या दादासमोर उभ्या राहून विचारतात, "काका, उद्या मेथी करू, की गिलकी?" आणि उत्तर येईपर्यंत थांबतात.