मधुकररावांचे एकवीस पॉइंट

वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेत मधुकररावांना कुणी नावानं हाक मारत नाही. ते टूरवाले साहेब. सेवाग्रामच्या दवाखान्यात तीस वर्षं त्यांनी रेकॉर्डच्या फायली ओळीनं लावल्या आणि निवृत्त झाल्यावर माणसं ओळीनं लावायला घेतली. दर जानेवारीत चाळीस जणांना घेऊन ते विशाखापट्टणमला जातात. गळ्यात शिट्टी, हातात यादी, यादीत एकवीस पॉइंट. डोंगर, देऊळ, पाहायला ठेवलेली पाणबुडी, सगळे पॉइंटच. पोहोचायचं, फोटो काढायचा, यादीवर खूण करायची, शिट्टी मारायची.

यंदा मीही बायकोला घेऊन गेलो होतो. बोर्रा गुहेत रोहण्याचे रूपराव, आयुष्यभर वांगी-टमाटे पिकवलेला साधा माणूस, तोंड उघडं टाकून छताकडं बघत राहिले, तर साहेबांची शिट्टी वाजली.

"रूपराव, झालं ना पाहून? वर काई नाई, गोटेच हायेत."

टूरची खरी मिजास जेवणाची. आंध्रात भाताशिवाय काही मिळत नाही आणि भातानं आपल्या माणसाचं पोट भरत नाही, ही मधुकररावांची श्रद्धा. त्यामुळं कणकेची पोती, तुरीची डाळ, तिखटाचा डबा आणि वच्छलाबाई हे सगळं वर्ध्याहून जातं. वच्छलाबाई म्हणजे त्यांची बायको. आम्ही पॉइंट बघत हिंडायचो आणि वच्छलाबाई मुक्कामाच्या धर्मशाळेच्या मागच्या ओट्यावर चाळीस माणसांच्या पोळ्या लाटत बसायच्या. परत आलो की बोटं चाटत म्हणायचं, "वा वैनी, घरची चव हाय." मीही म्हटलं. आता लाज वाटते, पण म्हटलं.

ही वच्छलाबाईंची पाचवी खेप. चार वेळा विशाखापट्टणमला जाऊन त्या बाईनं समुद्र पाहिला होता तो बसच्या खिडकीतून, मांडीवर पिशव्या घेऊन. धर्मशाळेपासून किनारा पायी वीस मिनिटं. पण समुद्र यादीत एकविसावा. शेवटच्या दिवशी, परतीच्या गाडीआधी, तासभर. आणि त्या तासात वच्छलाबाई प्रवासाचे डबे भरत असायच्या.

या वेळी निघण्याआधीच त्यांनी नवऱ्याकडून कबूल करून घेतलं होतं. माझी बायको छाया तेव्हा तिथंच बसली होती.

"मले पाण्यात पाय घालाचे हायेत," वच्छलाबाई म्हणाल्या होत्या. "गुडघे आता साथ देत नाई. पुढच्या साली माह्याच्यानं येनं होत नाई."

"हो, हो," साहेब म्हणाले होते.

शेवटच्या दिवशी सकाळी साहेबांच्या लक्षात आलं की यादीतलं दीपगृह राहून गेलंय. चाळीस माणसांदेखत त्यांनी निकाल दिला.

"वच्छला, समुद्राचं पुढच्या साली पाहू. थो कुठी पळून चालला?"

वच्छलाबाईंनी परात पुढं ओढली. रूपराव हळूच म्हणाले, "वैनीले घेऊन जाऊ ना दीपगृहाले." शिट्टी वाजली आणि रूपरावही बसमध्ये चढले. मी तर आधीच खिडकी पकडली होती.

दोन वाजता परतलो. ओट्यावर परातीत कणीक मळलेली, वर ओलं फडकं. शेगडी थंड. वच्छलाबाई नाहीत. अशा वेळी माणूस पहिल्यांदा काय विचारतो? "जेवन?" असं विचारलं गेलं. आणि ते मी विचारलं.

अर्ध्या तासानं साहेबांचा धीर सुटला. कोपऱ्यावरच्या पोलीस चौकीत ते गेले, मागोमाग मी. हवालदारानं मोडक्या हिंदीत विचारलं, साडी कोणत्या रंगाची? साहेबांनी माझ्याकडं बघितलं. सकाळचा चहा मी त्याच साडीवाल्या बाईच्या हातून घेतला होता, पण मलाही सांगता येईना. मग हवालदारानं फोटो मागितला.

साहेबांनी मोबाईल उघडला. पाच वर्षांचे फोटो. कैलासगिरी, सिंहाचलम, अरकू, पाणबुडी, पुन्हा कैलासगिरी. अंगठा सरकत होता आणि साहेबांचा चेहरा उतरत होता. शेवटी एक फोटो सापडला. गरम पोळ्यांची चळत, आणि तिच्यावर आणखी एक पोळी ठेवणारा हात. मनगटापर्यंतच.

"ये है," मधुकरराव म्हणाले.

हवालदार फोटोकडं बघत राहिला. मला त्या क्षणी मधुकररावांचा राग आला, आणि माझा त्याहून जास्त.

छायाला विचारायचं कुणाला सुचलंच नव्हतं. चौकीतून बाहेर आलो तर ती रस्त्यात उभी होती. "त्या कुठं असतील हे पोलिसांना विचारता?" म्हणाली आणि किनाऱ्याच्या दिशेनं चालू लागली.

वच्छलाबाई ओल्या वाळूत बसल्या होत्या. हिरवी साडी, गुडघ्यापर्यंत भिजलेली. लाट आली की पाय आणखी पुढं करायच्या.

"सांगून तरी याचं," साहेब म्हणाले.

"चार साल झाले, सांगूनच राह्यली."

"लोकं उपाशी हायेत, वच्छला."

"कनीक मळून ठेवली हाय. चाळीस जन हायेत, कोनाले तरी येतच असंन लाटता."

साहेब वाकून बुटाची नाडी सोडायला लागले. वच्छलाबाईंनी मान वळवून बघितलं.

"तुमी बूट नोका काढू," त्या म्हणाल्या. "तुमी पोळ्या लाटाले जा."