जांभळ्या फुलाचं नाव
शिजत्या घुगऱ्यांचा वास आला की तेर गावच्या सासरचं ते बारसं आठवतं. तिसऱ्या लेकीसाठी मी मोबाईलवर शोधून नाव काढलं होतं, आयांथी. ग्रीक पुराणातली जलकन्या, अर्थ जांभळं फूल. पाळण्यापाशी सासूबाई म्हणाल्या, "लई ग्वाड नाव हाय. पोरीवर कशाला वाया घालवतीस? काल म्हशीला वगार झालीय, तिला ठिवू. ती दूध तरी दिल." नणंदेनं बाळाच्या कानात कुर्र करून 'नकोशी' म्हटलं, बायका हसल्या. त्या वगारीची म्हैस झाली, गेल्या साली ती मेली, तेव्हा सासूबाई तिच्या गळ्यात पडून "आयांथे, आयांथे" करत रडल्या. नकोशीनं विचारलं, "आई, ह्या नावाचा अर्थ काय गं?" मी म्हणाले, "म्हशीचं नाव हाय ते. त्याला कसला अर्थ?"